भिंतीकडचे लावे

७ डिसेंबर, रविवार

आज सकाळी दोन लावे मेलेले सापडले. पाय वर, चोच उघडी, अंगावर ओरखडासुद्धा नाही. काल संध्याकाळी दोघं खाद्यावर तुटून पडले होते. रोगी पक्षी असा खातो का?

या वहीत फक्त अंडी आणि खाद्य लिहायचं असं ठरवलं होतं. पण बोलायचं कुणाशी? मामंजींना सांगितलं तर ते जेवायचे नाहीत. नणंदेला सांगितलं तर ती "मी म्हटलंच होतं" म्हणेल. हे असते तर त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून ही वही.

लावे पाळायची अक्कल माझीच. मागची खोली हे गेल्यापासून अडगळीची झाली होती. तिच्या भिंतीला लागून पलीकडे बेकरीची लाकडाची भट्टी, आणि भट्टीचं धुराडं त्याच भिंतीतून वर जातं. त्यामुळे सोमवारचा बेकरीच्या सुट्टीचा दिवस सोडला तर खोली कायम उबदार. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा जीव, थंडीला भित्रा. त्याला फुकटची ऊब मिळतेय, आणखी काय हवं?

त्यात मामंजी जन्माचे गवंडी. गेल्या आठवड्यात थंडी वाढली तसे ते छिन्नी-हातोडी घेऊन बसले आणि पिंजऱ्यांमागचा सगळा गिलावा त्यांनी खरवडून काढला. मी ओरडले, "अहो, या वयात हे काय?" तर म्हणाले, "गिलावा म्हणजे भिंतीचा कोट गं. कोट घालून कुणी शेकोटीला बसतं का?" आता वीट उघडी पडलीय आणि हात लावला तर शेकतो. म्हातारा दोन दिवस कंबर धरून हिंडला, पण काय खूश होता! ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला आपला काही उपयोग आहे असं वाटलं की औषध लागत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल एकही नाही मेला. मी निर्धास्त झाले. आज परत तीन.

थंडीच बाधतेय, दुसरं काय? खिडकीच्या फटीतून सुरीसारखा वारा येतो. सगळ्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गोणपाट ठोकलं, दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावली. खोली आता कशी डबीसारखी बंद झालीय. भाजलेल्या पावाचा खमंग वास कोंडून राहतो, तेवढाच काय तो वास.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गुरांचा डॉक्टर येऊन गेला. गाईम्हशींचा माणूस, माझे लावे बघून आधी हसलाच. "बाई, याला इंजेक्शन द्यायचं तर सुईच याच्यापेक्षा मोठी." मग एक मेलेला पक्षी ओट्यावर फाडून बघितला. फुप्फुस, काळीज, आतडी, सगळं ठीक म्हणाला. "उलट रक्त बघा कसं लालभडक आहे. असं रक्त चांगल्या पोसलेल्या पक्ष्याचं असतं." मग मेला कशाने? तर म्हणे थंडी असेल, ऊब वाढवा.

म्हणजे मी करतेय तेच बरोबर. जे मलूल दिसतात त्यांना आता अगदी भिंतीकडच्या रांगेत ठेवते. धडधाकट आहेत ते खिडकीकडे.

१४ डिसेंबर, रविवार

भिंतीकडचे चार गेले. मलूल होते, जाणारच होते, असं मनाला समजावतेय.

नणंद नेहमीसारखी कामावरून परस्पर आली. ती त्याच बेकरीत गल्ल्यावर बसते, सुटली की बापाला भेटायला येते. दोघं मागच्या खोलीत गप्पा मारत बसतात. घरातली तीच एक उबदार जागा, मामंजींची खुर्ची तिथेच. नणंद नाकाला पदर लावून बसते आणि बाहेर आली की कपाळ दाबत म्हणते, "वहिनी, त्या खोलीत जीव गुदमरतो बाई. बाबांना नको बसवू तिथं."

तिला लाव्यांचा वास येतो म्हणे. दिवसभर यीस्टच्या वासात बसणारीनं हे बोलावं!

१६ डिसेंबर, मंगळवार

काल सोमवार, एकही नाही. आज दोन.

एक वेगळीच गोष्ट झाली. पहाटे एक लावी मान टाकून पडली होती. मेलीच समजून टोपलीत घालून बाहेरच्या ओसरीत ठेवली, म्हटलं नंतर पुरू. चहा घेऊन येते तर बया टोपलीच्या काठावर उभी! अशा गारठ्यात! मामंजी म्हणाले, "ही तुझ्यासारखी आहे, मरणाचंही ऐकत नाही." तिचं नाव चिवटी ठेवलं. आत नेऊन भिंतीकडे ठेवली, तर दुपारी परत मान टाकली. परत ओसरीत नेली, परत उठली. नखरे तरी किती! राहा म्हटलं बाहेरच.

मामंजींचं डोकं दोन-तीन दिवस दुखतंय. माझंही. काळजीनं दुसरं काय होणार? पण त्यांच्या चेहऱ्यावर रंग मात्र छान चढलाय. गाल गुलाबी झालेत. रोज अंडी उकडून देते, ती मानवली म्हणायची.

२१ डिसेंबर, रविवार

आज नणंद अखेर बोललीच. "वहिनी, बाबा काल माझ्याशी बोलता बोलता झोपले. मला दोनदा आईच्या नावानं हाक मारली. त्यांना थोडे दिवस माझ्याकडे नेते."

थोडे दिवस! यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून हे "थोडे दिवस" ऐकतेय. मी म्हटलं, "वय झालंय, पेंग येणारच. माझ्याकडे काय कमी पडतं त्यांना?"

"कमी नाही गं पडत. पण तुझे ते पक्षी मरताहेत, खोलीत काहीतरी आहे. हे लाव्यांचं खूळ सोड आता."

खूळ! तिला घर आहे, नवरा आहे, भरलं गोकुळ आहे. मला काय आहे? सकाळी उठून "मामंजी, चहा" म्हणायला एक माणूस आहे. तो गेला की मी या घरात भिंतींशी बोलायचं. हे तिला सांगून कळायचं नाही, आणि मी सांगणारही नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज मान टाकलेले पक्षी उचलताना डोक्यात लख्ख उजेड पडला.

सोमवारी एकही लावा मरत नाही. एकाही सोमवारी मेलेला नाही. थंडीनं मरत असते तर सोमवारीच मरायला हवे होते, कारण त्या दिवशी भट्टी बंद, भिंत बर्फासारखी गार. सगळाच उफराटा कारभार! म्हणजे कारण थंडी नाहीच. मग सोमवारी काय नसतं?

सोमवारी नणंद येत नाही. तिची सुट्टी असते, त्या दिवशी ती घरची कामं काढते.

बाकी रोज येते, त्याच खोलीत बसते. मी चहा करायला स्वयंपाकघरात, मामंजी पेंगलेले. पक्षी संपले की माझा धंदा संपला, मग "बघा बाबा, वहिनीला झेपत नाही" म्हणायला मोकळी. देवा, हे खोटं असू दे. पण हिशोब तर बरोबर बसतोय.

२४ डिसेंबर, बुधवार

बोलले. सगळं बोलले.

आधी तिला कळेचना. मग कळलं तशी तिच्या हातातली पावाची पिशवी खाली पडली. "मी विष घालते? मी?" एवढंच म्हणाली. रडेल, भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "घराची किल्ली दे." तिच्याकडे यांनी तिच्या लग्नाच्या वेळी दिलेली जादा किल्ली होती, "माहेरचं दार तुला कधी बंद नाही" म्हणून. तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

मामंजी खोलीतून विचारत होते, "बबडी गेली का गं? न सांगता गेली?"

मी म्हटलं, "ती आता यायची नाही. आणि तिचं नाव या घरात काढायचं नाही." सासऱ्यावर आवाज चढवायची माझी ही पहिली वेळ.

२८ डिसेंबर, रविवार

नणंद येत नाही. पक्षी मरतातच आहेत.

आता काय म्हणायचं? खाद्यात आधीच कालवून ठेवलं असेल, असं म्हणून अख्खं पोतं फेकून दिलं, नवं आणलं. पाण्याची भांडी उकळून घेतली. आज भिंतीकडचे तीन गेले. मनात एक किडा वळवळतोय की मी चुकले असेन. पण तोंडातून सुटलेला शब्द परत कसा गिळायचा?

मामंजी हल्ली सकाळपासून खुर्ची भिंतीला अगदी चिकटवून बसतात. हातात गवंडीकामाची जुनी थापी, तिच्या मुठीनं विटेवर ठक ठक ठक करतात. मग कान लावून ऐकतात. विचारलं तर म्हणाले, "विटा वाजवून बघतोय. कुठं पोकळ झाल्यात का." दिवसातून दहादा तेच. गवंड्याचा हात, सवय जात नाही. चेहऱ्यावर मात्र हसू असतं, आणि मलाही तेवढंच बरं वाटतं. जेवायला ये म्हटलं तरी तिथून हलत नाहीत.

२९ डिसेंबर, सोमवार

मामंजी आज अगदी तरतरीत. डोकं दुखत नाही म्हणाले, पेपर वाचला, माझ्याशी पत्ते खेळले आणि लबाडीसुद्धा केली. फक्त भिंतीशी गेले नाहीत. "आज सुट्टी," म्हणाले. कसली सुट्टी म्हटलं, तर पत्ते पिसायला लागले.

आणि आजही एकही लावा मेला नाही. नणंद तर बुधवारपासून आलेली नाही! मग सोमवारचं काय? विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय.

३ जानेवारी, शनिवार

कडाक्याची थंडी. भट्टीवाला रस्त्यात भेटला, म्हणाला, लोकांना दोन्ही वेळा गरम पाव हवाय, भट्टी विझूच देत नाही, निखारे ठेवून धुराड्याची झाकणी लोटून घेतो म्हणजे उष्णता टिकते. मी त्याचे आभारच मानले. भिंत खरंच तव्यासारखी तापलीय.

मामंजींना सकाळी उलटी झाली. अंडी बंद केली.

६ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटल.

८ जानेवारी, गुरुवार

आज थोडं लिहिता येईल.

परवा मी बाजारात अंडी पोचवायला गेले होते. मामंजी भिंतीशी बसले होते, पायावर गोधडी घातली होती, मी दाराला बाहेरून कुलूप लावलं. हल्ली भ्रमिष्टासारखे करतात, उठून कुठे जातील म्हणून.

परत आले तर मागच्या बोळात माणसं जमलेली. खोलीची खिडकी फोडलेली, माझं गोणपाट फाटून बाहेर लोंबतंय, चिंध्या सगळीकडे. आणि नणंद अर्धी आत, अर्धी बाहेर. मला काय वाटलं ते लिहिते, लाज वाटली तरी लिहिते. मला वाटलं, सापडली! रंगेहाथ सापडली! मी धावत गेले, तिचा दंड धरला. तिनं वळून बघितलं. कोपरापर्यंत हात रक्तानं माखलेला, काचेचा. म्हणाली, "वहिनी, दार उघड. बाबा ऐकत नाहीयेत."

कुलूप काढताना किल्ली दोनदा हातातून पडली. मामंजी खुर्चीतून घसरून भिंतीला टेकले होते. गाल गुलाबी. थापी मांडीवर. पिंजऱ्यांत सगळं शांत. मी आणि नणंदेनं त्यांना खांद्याला धरून ओढत ओसरीत आणलं, तिथे गार वारा लागला तसा एक श्वास मोठा घेतला त्यांनी. टोपलीत चिवटी ओरडत होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला आणि मला विचारलं, "घरात काय पेटवता?"

"स्वयंपाकाचा गॅस सोडला तर काही नाही. शेगडीसुद्धा नाही."

"भिंतीपलीकडे?"

नणंद आणि मी एकमेकींकडे बघितलं. ती म्हणाली, "भट्टी." आणि मला डोळ्यांसमोर तो उघड्या विटांचा तुकडा दिसला.

डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात जाऊन बसतो आणि प्राणवायूला जागा देत नाही. माणूस पेंगतो, विसरतो, डोकं दुखतं, आणि दिसायला गुलाबी दिसतो, कारण रक्त लालभडक होतं. गिलाव्यानं इतकी वर्षं तो अडवला होता. आम्ही गिलावा काढला. वरून मी खिडकी बंद केली. लहान जीव आधी गेले. सोमवारी भट्टी बंद, म्हणून सोमवारी कुणी मेलं नाही. एवढं सरळ होतं सगळं, आणि मी विष शोधत होते.

"पण तुला कळलं कसं?" मी नणंदेला विचारलं. तिच्या हाताला टाके घातले होते, ती बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती.

म्हणाली, "गल्ल्यामागेच ती भिंत आहे. तू मला येऊ नको म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा ठोकायचे. तीनदा. लहानपणापासूनची आमची खूण, म्हणजे मी बरा आहे. मग मी वजनाच्या मापानं तीनदा ठोकायचे. आज मी ठोकलं, उत्तर नाही आलं. परत ठोकलं. मग पळत आले. किल्ली नव्हती."

किल्ली नव्हती, हे तिनं काही टोमणा म्हणून नाही सांगितलं. जे झालं ते सांगितलं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तो बाप लेकीला भेटायला दिवसभर त्या भिंतीला चिकटून बसत होता. माझ्यामुळे.

१४ जानेवारी, बुधवार

भट्टीवाल्यानं धुराडं उघडून दाखवलं. आत दोन ठिकाणी सांधे निखळलेले. बिचारा हात जोडून उभा होता, त्याला काय बोलणार? त्यानं सांधे भरून घेतले, मी आतून गवंडी लावून जाड गिलावा करून घेतला. खिडकीचं गोणपाट उकिरड्यावर टाकलं.

खिडकीकडचे काही लावे वाचले, आणि चिवटी. आठवडाभरात एकही मेलेला नाही. गुरांचा डॉक्टर म्हणाला, आता पुन्हा वाढवा. मी हो म्हटलं, पण खाद्य टाकायच्या आधी रोज खिडकी उघडते.

मामंजी शुद्धीवर आहेत, चालतात. पण पूर्वीचे नाहीत. चमच्याला थापी म्हणतात. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आपण कुणाच्या?" मी म्हटलं, "तुमचीच." तर मान डोलावली, उगाच, परक्या माणसाला डोलवावी तशी.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्यापाशी दिवसरात्र कुणीतरी लागेल. मीच नणंदेला म्हटलं, "तू ने."

१९ जानेवारी, सोमवार

पाच दिवस नणंदेकडे जायचं टाळलं. आज तिची सुट्टी, म्हणून गेले. किल्ली परत द्यायची होती.

मामंजी तिच्या मागच्या खोलीत, भिंतीशी खुर्ची ओढून. मला ओळखलं नाही. चहा घ्या म्हणाले, पाहुणीला म्हणतात तसं. मी घेतला. अंडी पुढे केली तर म्हणाले, "लहान आहेत. आमच्याकडे मोठी मिळतात." नणंद हसली, मीही हसले, मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले.

नणंद मागोमाग आली. म्हणाली, "वहिनी, एक सांगू? इथंही ते दिवसभर भिंत ठोकतात. मी म्हटलं, बाबा, मी इथंच आहे ना तुमच्यासमोर. पलीकडे कोण आहे? तर म्हणाले, सून आहे. एकटीच आहे ती. तिला विचारतोय, बरी आहेस का." मग म्हणाली, "उत्तर येत नाही म्हणून जेवत नाहीत गं. पलीकडे तर नुसता बोळ आहे."

मी शालसुद्धा न घेता बाहेर आले. घराला वळसा घालून बोळात गेले. पाण्याचे पिंप, एक मोडकी सायकल, ओलसर भिंत. कुठली खोली ते कळेना, म्हणून भिंतीला कान लावून उभी राहिले. बऱ्याच वेळानं आतून आलं. ठक, ठक, ठक.

माझ्याकडे काही नव्हतं. हातात किल्ली होती, तिनंच ठोकलं. तीनदा.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मामंजींचा आवाज, अगदी पूर्वीसारखा, खणखणीत: "बबडे, वाढ पान. ती बरी आहे."

मी आत जाऊन नणंदेच्या हातात किल्ली दिली आणि पान वाढायला घेतलं.